आभाळ बोलायला लागलं की उतरायचं: ट्रेकवरच्या विजेचं गाईड

जुलैत ट्रेकला निघालो की आमची आई दारातच अडवते, "विजा पडतायत, गप घरी बस." आणि मे संपताना काजवे बघायला निघालो की तीच आई डब्यात धपाटे भरून देते, वर शेजारच्या काकूंच्या मुलालाही सोबत ने म्हणते. खरं तर उलटं पाहिजे. मुंबईच्या आसपासच्या डोंगरांत विजांचा जोर असतो तो वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेपासून मान्सून नीट बसेपर्यंत, आणि मग परत सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर, परतीच्या पावसात. मधले जुलै-ऑगस्ट धो धो पडतो पण गडगडाट त्यामानाने कमी, तेव्हाची भीती निसरड्या दगडांची, फुगलेल्या ओढ्यांची आणि दरडींची. आता बघा, आपण काजव्यांचा ट्रेक कधी करतो? मेचा शेवट ते जूनचा मध्य. कोजागिरीचा नाईट ट्रेक? ऑक्टोबर. म्हणजे बरोब्बर विजेच्या तोंडी, आणि तेही संध्याकाळी नाहीतर रात्री.

मला हे शहाणपण आलं ते राजमाचीला. जूनचा पहिला आठवडा, आम्ही चौदा जण, सगळे ऑफिसचे आणि ऑफिसच्या मित्रांचे मित्र. गडाखालच्या उधेवाडीत एका घरात जेवण सांगून ठेवलं होतं आणि पावणेपाचला सनसेट बघायला राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर निघालो. घरातली मावशी चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "आता वर नका जाऊ दादा, आभाळ बोलतंय." आम्ही पश्चिमेकडे बघितलं, छान ऊन होतं, म्हटलं मावशी काळजी करते झालं. वर पोचलो तर मागे घाटमाथ्याकडून नुसतं काळं निळं उभं राहिलेलं. एकाच्या सॅकला ट्रेकिंग पोल टोक वर करून बांधलेला होता, त्या टोकातून चुरचुर आवाज यायला लागला, कढईत थेंबभर पाणी पडल्यावर येतो तसा. एका मुलीचे पुढचे केस हळूहळू उभे राहिले. आणि आम्ही काय केलं तर हसलो आणि फोटो काढले. मी पण काढला, अजून आहे फोनमध्ये. नंतर उजेड आणि आवाज एकदमच आला आणि मग जो पळ सुटला त्यात दोघं आपटले, एकाचं मनगट मोडलं. वीज आमच्यावर नाही पडली, सकाळी बघितलं तर गावाखालच्या ऐनाच्या झाडाची साल वरपासून बुंध्यापर्यंत पट्टीसारखी सोललेली होती.

केस उभे राहणं आणि धातूतून चुरचुर येणं याचा अर्थ तुमच्या अंगातून वर ढगाकडे चार्ज निघायला लागलाय, पुढचा झटका तिथेच बसू शकतो, सेकंदांचा प्रश्न असतो. तो फोटो काढायचा क्षण नसतो.

ढग मागून येतो

आपल्याकडची ही वादळं होतात कशी ते एकदा समजून घेतलं की अर्धं काम होतं. अरबी समुद्रावरून दमट हवा येते, दिवसभर तापलेल्या जमिनीवरून आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकून ती वर चढते, दुपारी दोन-तीनपर्यंत फुलकोबीसारखे ढग उभे राहतात आणि वाढत वाढत दहा-बारा किलोमीटर उंच जातात, माथा सपाट पसरला की लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो. वळवाच्या आणि परतीच्या दिवसांत वरचे वारे बऱ्याचदा पूर्वेकडून असतात, त्यामुळे हे ढग घाटावर तयार होतात आणि संध्याकाळी कोकणाकडे, मुंबईकडे सरकतात. म्हणजे कर्जत-नेरळच्या बाजूला एखाद्या गडावर तुम्ही समुद्राकडे तोंड करून सनसेट बघत बसलात तर ढग तुमच्या पाठीमागून येणार. दर पंधरा मिनिटांनी मागे वळून बघा, एवढी एकच सवय लावली तरी खूप. साधा ढग वादळी व्हायला तासभरसुद्धा लागत नाही. आणि डोक्यावर पाऊस नाही म्हणून वीज नाही असंही नाही, पावसापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, निळ्या आकाशातूनही ती पडू शकते.

घरी असताना करायच्या गोष्टी

आदल्या रात्री आणि सकाळी निघताना हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज बघायचा, पण जिल्हा बरोबर निवडायचा. हे गमतीत नाही सांगत, निम्मे लोक मुंबईचा बघतात. राजमाची कर्जतहून चढलात तरी ती पुणे जिल्ह्यात, कळसूबाईला कसाऱ्याहून गेलात तरी तो अकोले तालुका म्हणजे अहिल्यानगर, माहुली ठाण्यात. मेघगर्जनेसह यलो अलर्ट असला तर ट्रेक छोटा करा आणि सकाळचा करा, ऑरेंज असला तर मी तरी जात नाही, पैसे भरलेले असले तरी.

दुसरं म्हणजे 'दामिनी' ॲप टाका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय, फुकट आहे. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरचं वर्तुळ दाखवतं आणि गेल्या काही मिनिटांत कुठे विजा पडल्या ते रंगांत दिसतं. हवामान खातं पुढच्या तीन तासांचे तातडीचे इशारेही काढतं, तेही बघत जा. फक्त एक, नेट लागतं, आणि आपल्या बहुतेक गडांवर रेंज म्हणजे एका ठराविक दगडावर उभं राहून हात वर केला तर एक काडी. म्हणून शेवटचं चेकिंग पायथ्याच्या गावात, चहा घेताना. वर गेल्यावर आपले डोळे-कान.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: उलट फिरायची वेळ घरूनच ठरवा आणि ग्रुपवर लिहून टाका. "साडेदहाला जिथे असू तिथून परत." माथा लागला असो नसो. कारण वर गेल्यावर डोकं चालत नाही, तिथे प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "आता आलंच की, अर्धा तास फक्त." पहाटे तीनला उठून पहिली लोकल पकडलेली असते, जीपवाल्याला भाव करून पैसे दिलेले असतात, कमर्शियल ग्रुपचे बाराशे-पंधराशे वसूल करायचे असतात, स्टेटसला टाकायला फोटो हवा असतो आणि चौदा जणांत "मला भीती वाटतेय" म्हणायची कोणाची टाप नसते. त्यासाठी आमच्याकडे आता नियम आहे: एकानेही उतरू म्हटलं की सगळे उतरतात, चर्चा खाली वडापाव खाताना. पहिल्या वर्षी दोन ट्रेक फुकट गेले, एकदा तर उतरलो आणि लख्ख ऊन पडलं, शिव्या खाल्ल्या मी. चालतंय.

ग्रुपबरोबर जात असाल तर लीडरला सरळ विचारा, वादळ आलं तर प्लॅन काय, परतायची वेळ कुठली, किती माणसांमागे एक लीडर. "काही होत नाही हो, दरवर्षी नेतो" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा.

वेळेचं गणित

वळवाच्या आणि परतीच्या दिवसांत डे ट्रेक असेल तर उजाडताना पायथ्याला, दहापर्यंत माथ्यावर, बारा-एकच्या आत धार सोडून झाडीत. पहिल्या कर्जत लोकलने नेरळला उतरून पेबचा किल्ला करायला हे आरामात जमतं. माहुलीसारख्या लांब गडाला आदल्या रात्री आसनगावला जाऊन राहिलेलं बरं.

नाईट ट्रेकवाल्यांसाठी: ही वादळं जास्त करून दुपार ते मध्यरात्र. म्हणून संध्याकाळी चढून गडावर टेंट टाकण्यापेक्षा गावात जेवून झोपा आणि दोन-तीनला चढायला लागा. कळसूबाईला शेवटची कसारा पकडून, जीपने पायथ्याच्या बारी गावात पोचून सनराइजला चढणारे लोक नकळत हेच करत असतात. पहाटे वीज पडतच नाही असं नाही, पण शक्यता बरीच कमी. आणि काजवे बघायला माथ्यावर जायची गरजच काय? काजवे झाडांवर असतात, झाडं खाली गावाजवळ असतात.

वडापाव मोजायचे

वीज चमकली की मोजायला लागा: एक वडापाव, दोन वडापाव, तीन वडापाव... एक वडापाव म्हणजे साधारण एक सेकंद. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन वडापावला एक किलोमीटर. तीस वडापावच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पुढची तुमच्या गडावर पडू शकते. तिथे थांबायचं, सॅक भरायची आणि उतरायचं. खरं सांगायचं तर तिसाचीही वाट बघू नका, डोंगराच्या आड असाल तर चमक दिसतच नाही, नुसता गडगडाट येतो, आणि गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात एवढं पुरे. मावशी "आभाळ बोलतंय" म्हणाली तेव्हा ती हेच सांगत होती.

शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं. मध्ये परत झाला तर घड्याळ पुन्हा शून्यावर. "थांबला वाटतं, चला पटकन जाऊन येऊ" यात बरेच जण सापडतात.

वीज माणसाला लागते कशी

आपल्याला वाटतं वीज म्हणजे वरून डोक्यात. तशी थेट लागणारी माणसं फारच थोडी. जास्त लोक जातात ते जमिनीतून पसरणाऱ्या करंटने. वीज जवळपास पडते, करंट जमिनीवरून सगळीकडे धावतो, तुमचा एक पाय जास्त व्होल्टेजवर आणि दुसरा कमी, की तो एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरं एका झटक्यात इतकी का मरतात याचं कारणही हेच, पुढचे आणि मागचे पाय लांब लांब. आपला काळा बेसाल्ट सुका असेल तर करंट आत मुरू देत नाही, आणि पाऊस पडला की वरच्या ओल्या थरावरून तो लांबपर्यंत सरकतो. दुसरा प्रकार झाडाचा, वीज झाडावर पडते आणि खाली उभ्या माणसावर बाजूने उडी मारते. तिसरा प्रकार हात लावलेल्या वस्तूचा, रेलिंग, शिडी, साखळी, वायर रोप.

रेलिंगचं जरा जास्त सांगतो कारण हल्ली प्रत्येक गडावर ते बसतंय. पोलंडमध्ये गिएवोंत नावाचं शिखर आहे, माथ्यावर लोखंडी क्रॉस आणि वाटेवर धरायला साखळ्या. २२ ऑगस्ट २०१९ ला वीज तिथे पडली, चौघे गेले आणि शंभराहून जास्त लोक जखमी झाले. कळसूबाईच्या शिड्या आणि रेलिंग आठवा, शनिवारच्या गर्दीत वरपासून खालपर्यंत लोखंड धरून उभी असलेली रांग आठवा. आपल्या देशातलंच बघायचं तर ११ जुलै २०२१ ला जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी बुरुजावर वीज पडली, लोक पावसात सेल्फी घेत होते, दहापेक्षा जास्त गेले. बुरूज तोच, सेल्फी तीच, फक्त गाव वेगळं. देशभरात २०२२ या एका वर्षात वीज पडून २८८७ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे.

मोबाईलने वीज ओढली जाते हे मात्र खोटं. धातूही वीज ओढून आणत नाही, पण तुम्ही उंच असाल आणि तो धरून असाल तर वाट करून देतो. त्यामुळे फोन बंद करण्यात वेळ घालवू नका, छत्री मिटा, पोल आणि सेल्फी स्टिक मिटून सॅकच्या आत, टोक वर नको.

उतरायचं कसं, थांबायचं कुठे

आधी एक मिनिट थांबा आणि मोजा किती जण आहेत. पळायचं नाही. ओल्या घसाऱ्यावर पळून हातपाय मोडायची शक्यता वीज लागण्यापेक्षा जास्त, आमच्या मनगटवाल्याला विचारा.

माथा, बुरूज, माची, सुळका, धार, ध्वजाची काठी हे सोडायचं. मोकळ्या पठारावरून शक्य तेवढं लवकर निघायचं, कारण तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. उतरताना माणसामाणसांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवायचं पण एकमेकांना दिसत राहायचं, म्हणजे एक पडला तर बाकीचे शुद्धीवर असतील. हे अंतर ठेवायला लोकांना सगळ्यात जड जातं, भीती वाटली की माणूस चिकटतो, हात धरतो. हात सोडा.

शिडीपाशी आलात तर? गडगडाट लांब असेल तर एकेक करून भराभर उतरा. वीज डोक्यावर असेल तर शिडी-रेलिंगपासून लांब जाऊन थांबा, जोर ओसरल्यावर उतरा.

आता सह्याद्रीतला खरा पेच. वीज म्हणते खाली जा, आणि खाली म्हणजे नाळ, घळ, ओढा, आणि पाऊस म्हणतो तिथे थांबू नका. वळवाचा पाऊस अर्ध्या तासात कोरड्या नाळेला पाणी आणतो, वर दगडही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले ते पाणी असंच मिनिटांत वाढलं म्हणून. तेव्हा धारेवर नको आणि नाळेतही नको, मधला उतार बघायचा, जिथे कारवी किंवा सारख्या उंचीची बुटकी झाडी आहे. एकटं उंच झाड टाळा. दाट जंगलात असाल तर मोठ्या बुंध्यांपासून लांब, लहान झाडांमध्ये.

गुहा बरी की वाईट असं मला सगळे विचारतात. खोल, कोरडी आणि डोकं न टेकणारी असेल तर चालेल, मध्यभागी बसा, भिंतीला टेकू नका, तोंडाशी उभे राहू नका. पण उथळ कपार, पुढे आलेल्या कातळाखालची जागा, छोटं लेणं, जिथे पावसापासून वाचायला सगळे दाटीवाटीने उभे राहतात, ती वाईट. करंट कड्यावरून खाली येतो आणि कपारीच्या तोंडाशी वरच्या ओठापासून जमिनीकडे उडी मारतो, मध्ये तुम्ही असता. पाण्याच्या टाक्यापासूनही लांब. माथ्यावरचं उघडं देऊळही पावसापुरतंच, विजेपुरतं नाही, आणि तिथली घंटा साखळीला लटकलेली असते हे लक्षात ठेवा.

टेंट म्हणजे काहीच नाही, उलट खांब वर. कड्याच्या टोकाला रांगेने लावलेल्या टेंटचे ड्रोन फोटो दिसतात ना, ऑक्टोबरात त्यात झोपायची माझी हिंमत नाही. खरी सुरक्षित जागा दोनच: गावातलं पक्कं वायरिंग-नळ असलेलं घर आणि काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची गाडी. जीप चालेल, बाईक आणि रिक्षा नाही. घरात शिरल्यावरही ओट्यावर, दारात उभं राहून व्हिडिओ काढू नका, प्लगला लावलेला फोन धरू नका, नळाखाली पाय धुवायला जाऊ नका.

काहीच जमलं नाही तर

मोकळ्यावर अडकलात, केस उभे राहिले, तर सॅक टाका, उकिडवे बसा, दोन्ही टाचा एकमेकींना चिकटवून, डोकं खाली, कानांवर हात. सॅकवर किंवा मॅटवर बसलात तर ओल्या जमिनीपासून थोडे सुटाल, मॅटने वीज अडते असं समजू नका. आडवं झोपायचं नाही, जेवढा जमिनीला टेकाल तेवढा करंट. हे शेवटचं आणि कमजोर शस्त्र आहे. उतरायची संधी असताना असं बसून राहणं चूक. पहिला झटका झाला की उठा आणि खाली निघा.

कोणाला लागलीच तर

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो हा गैरसमज जीव घेतो. त्याच्या अंगात काहीही उरत नाही, लगेच हात लावा.

अनेक जण पडले असतील तर ओरडणारे, कण्हणारे यांच्याकडे आधी जाऊ नका, ते श्वास घेतायत. निपचित पडलेल्याकडे आधी. विजेने हृदय थांबतं आणि बऱ्याचदा आपोआप परत सुरूही होतं, पण श्वास त्याच्यापेक्षा जास्त वेळ बंद राहतो आणि त्यात माणूस जातो. म्हणून श्वास नसेल तर सीपीआर: छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० दाब, निदान पाच सेंटीमीटर खोल, तीस दाब आणि दोन तोंडाने श्वास. मदत येईपर्यंत सोडायचं नाही, हात भरले की आलटून पालटून. हे वाचून येत नाही, एकदा ट्रेनिंग घ्या, दोन-तीन तासांत होतं. जागा अजून धोक्याची असेल तर आधी त्याला थोडं खाली सरकवा.

पाय लुळे पडणं, काही ऐकू न येणं, अंगावर फांद्यांसारखी लाल नक्षी उमटणं हे दिसू शकतं. पाय बऱ्याचदा काही तासांत परत येतात, पण पडून मानेला मार लागलेला असू शकतो, उगाच उचलून बसवू नका.

फोन ११२ किंवा १०८. रेंज नसेल तर दोघांना खाली वाडीत पाठवा, एकट्याला नाही, आणि त्यांच्याकडे कागदावर लिहून द्या: गड, कुठल्या वाटेने, कुठल्या टप्प्यावर, किती जण, श्वास आहे की नाही. वाडीतली माणसं बहुतेक वेळा रेस्क्यू टीमच्या आधी पोचतात, वाट त्यांची असते. लोणावळा, खोपोलीकडच्या स्वयंसेवी टीम्स आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, यांचे नंबर आधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि दोन जणांकडे ठेवा कारण फोन भिजतो.

आणि उठून चालायला लागलेला, "मी ठीक आहे रे" म्हणणारा माणूससुद्धा त्याच दिवशी हॉस्पिटलला न्यायचा, ईसीजी काढायला आणि कानाचे पडदे बघायला. तो नाही म्हणेल, सोमवारी ऑफिस आहे म्हणेल. त्याच्या घरच्यांना फोन लावून त्याच्या हातात द्यायचा.